रिकाम्या कॅनपासून ट्रेकची चूल करताना

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. एका दिवसाचा ट्रेक करून संध्याकाळी घरी आले आणि सॅकमधील एकेक वस्तू स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवत गेले. माझे वय एकोणपन्नास असून डावा गुडघा दोन वर्षांपासून त्रास देतो. चालणे थांबवू नका, पण पाठीवरचे ओझे उतरवा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. गॅसची घडीची शेगडी ११० ग्रॅम आणि तिची भरलेली छोटी गॅसची टाकी, म्हणजे कार्ट्रिज, ३८० ग्रॅम भरली. दोन वेळचा चहा आणि एक पातेलेभर खिचडी एवढ्यासाठी मी जवळजवळ अर्धा किलो वाहत होते, आणि त्यातही अर्धवट वापरलेल्या कार्ट्रिजमध्ये किती गॅस उरला आहे याचा नेमका अंदाज नसल्याने पुष्कळदा दुसरे कार्ट्रिज सोबत घ्यावे लागत होते.

शीतपेयाच्या रिकाम्या कॅनपासून स्पिरिटवर चालणारी चूल करता येते, हे ट्रेकिंग करणाऱ्या मंडळींकडून ऐकले होते. यातील तत्त्व जुनेच आहे. स्वीडनमधील ट्रांगिया कंपनीचा पितळी स्पिरिट बर्नर १९५१ पासून याच रीतीने चालतो. आमच्या घरी आई पंपाचा स्टोव्ह पेटवण्याआधी स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावून ठेवत असे, आणि बर्नर पुरेसा तापला की रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत धरत असे. कॅनच्या चुलीत स्पिरिट स्वतःच काकड्याचे आणि रॉकेलचे अशी दोन्ही कामे करते. मधल्या वाटीत ते आधी उघडे जळते, त्या उष्णतेने दुहेरी भिंतीच्या पोकळीतील स्पिरिटची वाफ होते आणि ती वाफ कडेच्या भोकांतून बाहेर येऊन पेटते. हे समजल्यावर काम आवाक्यातले वाटू लागले. प्रत्यक्षात चूल चार संध्याकाळींत तयार झाली, पण कायद्यात बसेल असे इंधन मिळवणे, ते सुरक्षितपणे हाताळायला शिकणे आणि चूल कोठे पेटवता येईल हे ठरवणे यांत तीन महिने गेले.

कॅन मिळवणे सर्वांत सोपे होते. आमच्या सोसायटीतून कचरा नेणाऱ्या ताईंना विचारले, तेव्हा त्यांनी तिसऱ्याच दिवशी चौदा कॅन वेगळे काढून आणून दिले. भंगारात त्यांना जे पैसे मिळाले असते ते विचारून त्याहून थोडे अधिक, म्हणजे चाळीस रुपये, मी त्यांना दिले. रिकाम्या कॅनवर त्यांची कमाई अवलंबून असते, हे अशी मागणी करताना लक्षात ठेवावे. चुंबक लावून पाहावा. जो कॅन चुंबकाला चिकटतो तो लोखंडी पत्र्याचा असतो आणि साध्या कात्रीला दाद देत नाही. कॅन सर्व बाजूंनी चेपलेला नसावा, विशेषतः तळाजवळचा भाग गोल आणि शाबूत असावा. सुगंधी फवाऱ्याचे किंवा डासांच्या औषधाचे डबे मात्र रिकामे दिसले तरी कधीही कापू नयेत, कारण त्यांत दाबाखालील ज्वालाग्राही वायू शिल्लक असू शकतो.

कापण्याची एक युक्ती मला फार उपयोगी पडली. कटरचे ब्लेड जाड पुस्तकाच्या पानांत तीस मिलिमीटर उंचीवर असे अडकवले की त्याचे टोक जेमतेम बाहेर राहील, पुस्तकावर वरवंटा ठेवला आणि कॅन त्या टोकाला हलकेच टेकवून दोन्ही हातांनी फिरवत राहिले. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत फक्त रंग खरवडला जातो, मग चंदेरी रेघ दिसू लागते आणि आठ-दहा फेऱ्यांनंतर रेघेच्या वरच्या बाजूला अंगठ्याने दाबले की पत्रा टिचकी मारल्यासारखा आवाज करून रेघेवर उघडतो. मग उरलेली रेघ बोटांनी दाबत पुढे नेता येते. जोर लावून एकाच फेरीत कापू पाहिले की पत्रा वेडावाकडा फाटतो. पहिल्या संध्याकाळी मी तसेच केले आणि डाव्या तर्जनीवर खोल जखम झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. त्यानंतर चामडी हातमोजे न घालता कॅनला हात लावला नाही, आणि कापलेली प्रत्येक कड बारीक पॉलिश पेपरने घासूनच पुढे गेले.

दोन कॅनचे तळ लागतात. एक तीस मिलिमीटर उंच कापून खालचा भाग करायचा, दुसरा पंचवीस मिलिमीटर कापून उलटा करून झाकणासारखा वर बसवायचा आणि त्याच्या मधला खोलगट भाग कापून काढायचा. आतल्या वाटीची भिंत म्हणून कॅनच्या उभ्या पत्र्याची पट्टी गोल वळवून दोन्ही तळांच्या वर्तुळाकार खोबणीत बसवायची आणि तिच्या खालच्या कडेला तीन लहान खाचा ठेवायच्या, म्हणजे स्पिरिट वाटीतून पोकळीत जाऊ शकते. माझ्या चुलीत या पट्टीची उंची चौतीस मिलिमीटर भरली, परंतु कॅनच्या आकारानुसार ती बदलते, म्हणून दोन्ही तळ एकमेकांवर ठेवून मोजूनच पट्टी कापावी. खरी अडचण दोन्ही तळ एकमेकांत बसवताना येते, कारण दोघांचा व्यास सारखाच असतो. न उघडलेला भरलेला कॅन खालच्या भागाच्या तोंडात हळूहळू दाबून फिरवला की त्याची कड केसभर रुंदावते आणि मग दुसरा भाग आत जातो. माझे पहिले दोन जोड इथेच उभे चिरले. तिसऱ्या वेळी वरच्या भागाच्या कडेला पक्कडीने बारीक चुण्या पाडल्या आणि तो चिरल्याशिवाय बसला.

भोकांच्या बाबतीत मी घाई केली होती. पहिल्या चुलीला खिळ्याने भोके पाडली, ती दोन मिलिमीटरहून मोठी झाली आणि ज्योती आळसावलेल्या, पिवळ्या, वाऱ्याच्या झुळकीने लवणाऱ्या निघाल्या. नंतर कागदाची पट्टी कॅनभोवती गुंडाळून तिची घडी घालत चोवीस समान भाग केले, पेनाने खुणा केल्या आणि शिवणाच्या जाड सुईने, सुई पक्कडीत धरून, सुमारे एक मिलिमीटरची भोके पाडली. तळ जोडण्याआधी भोके पाडावीत, कारण नंतर सुईच्या दाबाने चूल चेपते. तयार चुलीचे वजन अकरा ग्रॅम भरले. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा मी ४५० रुपयांना विकत घेतला होता. या सर्व प्रकरणातील तो सर्वांत मोठा खर्च ठरला, तरी तो वाया गेला असे वाटत नाही, कारण त्याच्याशिवाय इंधनाचा हिशेब करता आला नसता.

भांडे ठेवण्यासाठी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून तुटलेल्या चाकाचे स्टेनलेस स्टीलचे आरे आणले. दुकानदारांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. आरे वाकवून तीन पायांची तिवई केली, तिचे वजन चौतीस ग्रॅम झाले. जस्ताचा मुलामा असलेली तार या कामाला घेऊ नये, कारण ती तापल्यावर जस्ताची वाफ निघते आणि ती श्वासातून जाणे चांगले नाही. वारा अडवण्यासाठी जेवणाचे पार्सल येते ती अॅल्युमिनियमची ट्रे धुऊन, कापून, दोन तुकडे एकमेकांत अडकवून गोल आडोसा केला आणि त्याच्या खालच्या कडेला कागद पंच करण्याच्या यंत्राने हवेसाठी भोके पाडली.

आता इंधन. २३ ऑक्टोबरला मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि लाकडाच्या पॉलिशसाठी वापरतात ते स्पिरिट मागितले. दुकानदारांनी सौजन्याने, पण ठामपणे नकार दिला. त्यांनी मला त्यांची नोंदवही दाखवली. परवाना असलेल्या गिऱ्हाइकांचीच नावे त्यात होती. डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे मुद्दाम पिण्यास अयोग्य केलेले स्पिरिट, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते आणि त्याच्या विक्रीवर व साठ्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते. त्या वेळी मला थोडे वाईट वाटले, पण घरी येऊन विचार केला तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पिण्यासाठी नसलेले स्पिरिट हातोहात मिळू नये, या नियमामागे असे बळी गेलेली माणसे आहेत. मिथेनॉलच्या वाटेला तर मी गेलेच नाही. ते त्वचेतूनही शरीरात जाते, दृष्टी घालवू शकते आणि प्राणही घेऊ शकते. कोणी बाटलीवर नाव नसलेले स्पिरिट देऊ केले तर ते चुलीसाठी सुद्धा घेऊ नये.

दुसरा पर्याय आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. ते औषधाच्या दुकानात सहज मिळाले, म्हणून ३० ऑक्टोबरला एक बाटली आणली आणि पहिली चाचणी घेतली. ज्योत धुरकट पिवळी, उकळी येण्याआधीच चूल विझली आणि वाटीत चमचाभर पाणी शिल्लक. बाटलीवरील बारीक अक्षरे नंतर वाचली, तेव्हा ते सत्तर टक्क्यांचे द्रावण असल्याचे कळले. जंतुनाशक म्हणून सत्तर टक्के योग्य असते, पण चुलीत उरलेले तीस टक्के पाणी तापवण्यातच उष्णता जाते. सॅनिटायझरची गतही तीच, शिवाय त्यात ग्लिसरीन असते. मग प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या एका दुकानात गेले. तेथे ९९ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरसाठी नाव, पत्ता, दूरध्वनी आणि वापराचे कारण वहीत लिहून घेतले गेले, ओळखपत्राची छायाप्रत मागितली गेली आणि ती जवळ नसल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले. किंमत २६० रुपये पडली. यापुढे मी स्पिरिट म्हणते ते हेच. अशा दुकानात जाताना छायाप्रत सोबत न्यावी आणि कारण खरे सांगावे. मी ‘ट्रेकची छोटी चूल’ असेच लिहिले आणि कोणी हरकत घेतली नाही.

घरात चाचणी घेण्याचा प्रश्नच नव्हता. सोसायटीच्या अध्यक्षांना लेखी विनंती केली आणि त्यांनी दिवाळीनंतर गच्ची वापरण्यास परवानगी दिली. त्यांच्या दोन अटी होत्या. वाळूची बादली आणि ओले पोते जवळ असावे, आणि गच्चीवर दोन माणसे असावीत. १९ नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, मी दुसरी अट मोडली. क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता, सोबत येणारा भाचा टीव्हीसमोरून उठण्यासारखा नव्हता आणि मला वाटले की आपण दोनदा चूल पेटवली आहे, एकटीने जमेल.

तिसऱ्या फेरीत चूल विझल्यासारखी दिसली. भरदुपारचे ऊन होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलची मोठी ज्योत पिवळी असते, पण शेवटच्या थेंबांची ज्योत फिकट निळी आणि लहान होते आणि उन्हात ती दिसतच नाही. मी बाटलीतूनच थेट वाटीत स्पिरिट ओतू लागले. ‘भप्प’ असा मऊ आवाज आला, हाताच्या लवेला चटका बसला, मी बाटली झटक्याने मागे घेतली आणि सांडलेले स्पिरिट फरशीवर हातभर अंतरापर्यंत पेटत गेले. बाटलीच्या तोंडाशी ज्योत नव्हती, हे माझे नशीब. बाटली दूर सरकवून मी ओले पोते फरशीवर टाकले आणि चुलीवर पातेले पालथे घातले. सगळे मिळून दहा सेकंदांचे काम असेल. नंतर मात्र मी गच्चीच्या कठड्याला टेकून बराच वेळ बसून राहिले, कारण पाय थरथरत होते. खाली कोणाच्या तरी घरातून समालोचन ऐकू येत होते. संध्याकाळी अध्यक्षांकडे जाऊन घडले ते सांगितले. ते रागावले नाहीत, पण पुढच्या रविवारी ते स्वतः गच्चीवर येऊन उभे राहिले.

या प्रसंगानंतर जी पद्धत ठरवली ती आजही मोडत नाही. बाटलीतून चुलीत कधीच ओतायचे नाही. खोकल्याच्या औषधासोबत मिळणाऱ्या मापात हवे तेवढे स्पिरिट काढायचे, बाटलीचे झाकण घट्ट लावून ती पाच पावले दूर ठेवायची, मग माप चुलीत रिकामे करायचे. चूल विझली असे वाटल्यावर कागदाची लांब सुरळी वाटीवर धरून पाहायची, ती पेटली नाही तरी पाच मिनिटे थांबायचे, आणि पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवल्यावरच पुन्हा भरायचे. स्पिरिट एकदा घातले की त्यात भर टाकण्याचा विचारही करायचा नाही. सैल बाह्यांचे, सिंथेटिक कापडाचे कपडे आणि ओढणी त्या वेळी अंगावर नको.

डिसेंबरचे चार रविवार मोजमापात गेले. दर वेळी तेच पातेले, अर्धा लिटर पाणी, सुरुवातीचे तापमान २४ अंशांच्या आसपास. आडोशाशिवाय, गच्चीवरच्या साध्या झुळकीत, तीस मिलिलिटर स्पिरिट जळून गेले तरी पाण्याला उकळी आली नाही. आडोसा लावल्यावर तेवढेच पाणी वीस मिलिलिटरमध्ये पावणेआठ मिनिटांत उकळले. एवढा फरक पडेल असे मला वाटले नव्हते, म्हणून ती चाचणी तीनदा केली. भांड्याच्या तळाचे चुलीपासूनचे अंतरही महत्त्वाचे आहे. पंधरा मिलिमीटरवर काजळी भयंकर धरते, पन्नास मिलिमीटरवर उष्णता वाया जाते, माझ्या तिवईला तीस मिलिमीटर मानवले. आडोसा भांड्याच्या कडेपासून बोटभर लांब असावा. फार जवळ आला की चुलीला हवा मिळत नाही, ती अति तापते आणि ज्योती हातभर उसळतात. वीस मिलिलिटर स्पिरिटमध्ये साधारण पावणेपाचशे किलोज्यूल उष्णता असते आणि अर्धा लिटर पाणी उकळायला दीडशेच्या वर थोडी लागते, म्हणजे आपल्या हाती जेमतेम एक तृतीयांश येते. बाकीची आजूबाजूच्या हवेला जाते, आणि आडोसा त्यातलीच थोडी परत वळवून आणतो.

काजळीवर एक जुना घरगुती उपाय चालला. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून राख-मातीचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि घरी आल्यावर लेपासकट निघून जाते. नव्या चुलीच्या पहिल्या दोन जाळण्यांत कॅनचा बाहेरचा रंग आणि आतला प्लॅस्टिकचा पातळ थर जळून उग्र वास येतो. त्या वेळी चुलीवर खाण्याचे काही ठेवू नये आणि वारा धूर नेईल त्या बाजूला उभे राहू नये.

आता जागेचा प्रश्न. राजमाचीला जायचे मनात होते, कारण किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात मुक्कामाची सोय होते आणि लोणावळ्याहून तुंगार्ली मार्गे जाणारी सुमारे पंधरा किलोमीटरची वाट लांब असली तरी गुडघ्याला मानवणारी आहे. त्या वाटेचा मोठा भाग वनक्षेत्रातून जातो, म्हणून २६ डिसेंबरला मी वन विभागाच्या कार्यालयात गेले. संबंधित अधिकारी फिरतीवर होते. २९ तारखेला दोन प्रतींत अर्ज दिला, एका प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला आणि चुलीचे छायाचित्रही जोडले. ४ जानेवारीला प्रत्यक्ष भेट झाली. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला आणि सांगितले की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग पेटवणेच नव्हे तर पेटती आग बाळगणे वा नेणेही मना आहे, चूल कितीही लहान असली तरी आग ती आग. गावात, कोणाच्या मालकीच्या अंगणात, त्यांच्या संमतीने पेटवायला त्यांची हरकत नव्हती. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्यानंतर हा विचारच करू नका, असेही त्यांनी बजावले. लेखी उत्तर मिळाले नाही, पण मला हवे ते स्पष्टपणे कळले होते. वाटेत कड्यावर बसून चहा करण्याचे जे चित्र मनात होते ते त्या दिवशी सोडून दिले.

जाण्याच्या साधनाचाही विचार करावा लागला. पुण्याहून लोणावळ्याला लोकल सोयीची, पण ज्वालाग्राही द्रव रेल्वेत नेण्यास मनाई आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एसटीतही असा द्रव नेऊ नये आणि विमानाचा तर प्रश्नच नाही. कोणी बाटली तपासत नाही म्हणून नेणे हे भरलेल्या डब्यातील इतर प्रवाशांवर अन्याय करणारे आहे. म्हणून १३ जानेवारी २०२४ रोजी, शनिवारी पहाटे, भाच्याच्या मोटारसायकलवरून निघालो. स्पिरिट दीडशे मिलिलिटर घेतले होते, जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट आट्यांच्या बाटलीत. पाण्याची बाटली या कामाला वापरू नये. तहानलेला माणूस अंधारात चुकू शकतो. मी बाटलीला सर्वत्र लाल चिकटपट्टी गुंडाळली होती आणि तिच्यावर ‘विष, पिऊ नये’ असे ठळक लिहिले होते. चूल, तिवई, आडोसा, बाटली आणि स्पिरिट मिळून दोनशे पाच ग्रॅम. पूर्वीच्या संचाच्या निम्म्याहून कमी.

पाच तास चालून दुपारी उधेवाडीत पोचलो. ज्यांच्याकडे मुक्काम होता त्या आजींचे अंगण नुकतेच शेणाने सारवलेले होते. मी चूल काढून त्यांच्या हातात दिली आणि अंगणात पेटवू का, असे विचारले. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, भोकांवरून नखे फिरवली आणि विचारले, ‘‘एवढ्याशावर काय शिजंल गं बाय?’’ मग अंगणाच्या कोपऱ्यात, गवताच्या गंजीपासून दूर, एक सपाट दगड दाखवला. सारवलेली वाळकी जमीन आणि वाळकी काटकी दोन्ही पेट घेऊ शकतात, म्हणून दगडावरही तुपाच्या डब्याचे झाकण ठेवून त्यावर चूल मांडली, आजूबाजूचा पाचोळा झाडला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

खिचडीसाठी या चुलीची एक मर्यादा आधीच उमगली होती. ज्योत मंद करता येत नाही. ती पेटते आणि संपते. म्हणून तांदूळ आणि मुगाची डाळ वाटेतच डब्यात भिजत घातली होती. वीस मिलिलिटरवर पाण्याला उकळी आणली, डाळ-तांदूळ, हळद, मीठ घातले, चूल निवू दिली, पुन्हा दहा मिलिलिटर घालून दुसरी उकळी काढली आणि झाकण ठेवून पातेले जुन्या लोकरी शालीत गच्च गुंडाळून ठेवले. अर्ध्या तासाने शाल उघडली तेव्हा खिचडी मऊ शिजलेली होती. आजींनी चमचाभर हातावर घेऊन चाखली, ‘‘मीठ कमी हाय’’ म्हणाल्या आणि आतून ठेचा आणून दिला. रात्री चूल तंबूत नेली नाही. तंबूचे कापड क्षणात पेटते, आणि बंद जागेत अपुऱ्या हवेत जळणाऱ्या स्पिरिटमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो. थंडी कितीही असली तरी हा मोह टाळावा.

पहाटे थंडीने एक नवा धडा दिला. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण बारा अंशांच्या खाली काडीने सहज पेट घेण्याइतकी तयार होत नाही, आणि त्या पहाटे अंगणात तेवढीच थंडी होती. तीन काड्या विझल्या. बाटली पाच मिनिटे तळहातांत धरून बसले, झाकणावर चूल ठेवून तिच्या बुडाशी काही थेंब टाकले, ते पेटवले आणि त्यांच्या उबेने आतले स्पिरिट धरले. हिमालयातील उंचीवर ही चूल नेण्याचा विचार असेल तर घरी फ्रिजमध्ये थंड केलेल्या स्पिरिटवर आधी प्रयोग करावा, मात्र पेटवताना घराबाहेर. शिवाय स्पिरिटमध्ये वजनाच्या मानाने गॅसपेक्षा बरीच कमी उष्णता असते, त्यामुळे लांबच्या मोहिमेत दोन्ही संचांच्या वजनातला फरक कमी होत जातो. माझ्यासारख्या एका मुक्कामाच्या ट्रेकला मात्र ती पुरेपूर उतरते.

त्या दिवशी भोगी होती. आजींनी तिळाची बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली, चहा मात्र आमच्या चुलीवर झाला, तिघांचा. परतीच्या वाटेवर डाव्या गुडघ्याला पट्टा बांधला होता, पण वेदनाशामक गोळी घ्यावी लागली नाही.

घरी आल्यावर बाटलीचे वजन केले. दोन दिवसांत ८६ मिलिलिटर खर्च झाले होते. सर्व प्रयोगांचा खर्च, त्यात वजनकाटा, स्पिरिटच्या दोन बाटल्या, हातमोजे, पॉलिश पेपर आणि इंजेक्शन धरून, १,१४० रुपये झाला. चुलीच्या वरच्या जोडाला एक केसासारखी चीर पडलेली दिसली. अशी चीर पडली की वाफ तेथून निघते आणि ज्योत एका अंगाला उसळते, म्हणून ती चूल चेपून कचरा नेणाऱ्या ताईंच्या अॅल्युमिनियमच्या पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पन्नास मिनिटांत नवी केली. तिची भोके मोकळी ठेवायला आईच्या डब्यातील स्टोव्हची पिन सापडली आहे. १५ फेब्रुवारीला उरलेले स्पिरिट लाल बाटलीतच, उंच फळीवर, कुलपात ठेवले. पहिला पाऊस होऊन गवत हिरवे होईपर्यंत ती बाटली तेथेच राहील.